कापडाचा आवाज

इंदिरा नगर, लखनौ
११ फेब्रुवारी १९९६

प्रिय नीला,

फोनच करणार होते, पण फोनवर मी नुसती भांडते आणि एसटीडीचा मीटर पळतो. म्हणून कागद घेतला.

काल तुझ्या सुनेबरोबर, भावनाबरोबर, तुझ्या नातीला घेऊन इथल्या एका शाळेत गेले होते. शाळेचं नाव लिहीत नाही. फाटकावर ते इतकं मोठं रंगवलंय की आणखी कुणी लिहायची गरज नाही. सुरुचीनं इस्त्रीचा फ्रॉक घातला होता, छातीवर श्रवणयंत्राची पेटी आणि तिथून कानाकडे गेलेली वायर. प्रिन्सिपॉलबाईंनी पोरीकडे पाहिलंच नाही, पेटीकडे पाहिलं. म्हणाल्या, "देखिए, यहाँ नॉर्मल बच्चे पढ़ते हैं. ऐसे बच्चों के लिए अलग स्कूल है न."

"कैसे बच्चे?" मी विचारलं.

"जो सुनते नहीं."

"सुनती तो आप भी नहीं हैं," मी म्हटलं. "कब से कह रही हूँ कि बच्ची का नाम सुरुचि है, और आप गुड़िया-गुड़िया किए जा रही हैं."

बाईंनी चपराशाला बोलावलं. भावना रिक्षात बसल्यावर रडली. सुरुचीला वाटलं आईच्या डोळ्यात काही गेलं, ती फुंकर घालत बसली. ही चौथी शाळा. चौघींचं म्हणणं एकच, फक्त बिस्किटं वेगवेगळी. परवाच पेपरात आलंय की अशा मुलांसाठी संसदेनं कायदा केलाय, नेहमीच्या शाळेत बसायचा त्यांना हक्क आहे. ते कात्रण मी त्यांच्या टेबलावर ठेवलं तर म्हणाल्या, "वो सरकारी के लिए होगा."

क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून राजरत्न माझ्या माडीवर राहायला आला. तुझे देवानंदभाऊ आणि आमचे हे मानक नगरच्या ऑफिसात रेल्वेच्या चाकांवरून भांडायचे तेव्हा कुणाला वाटलं असतं, की भाऊंचा मुलगा त्याच ऑफिसात लागेल, त्याची मुलगी माझ्या जिन्यावरून घसरेल आणि ह्या दोघांपैकी एकही ते बघायला नसेल? तर ती आता माझ्या घरातली मुलगी आहे. ज्या शाळेत मी जन्मभर इंग्रजी आणि शिवण शिकवलं, त्या शाळेत ती बसेल. तू काळजी करू नकोस.

तुझी,
माणिक


इंदोरा, नागपूर
२० फेब्रुवारी १९९६

माणिकताईंना सप्रेम जय भीम.

पत्र वाचताना त्या बाईंच्या वाक्यावर मी मोठ्यानं हसले आणि मग फार वाईट वाटलं. तुम्ही आमच्या पोरीसाठी उन्हातान्हात फिरता, हे उपकार मी बोलून दाखवत नाही, तुम्ही रागावता.

एक-दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मेंदुज्वरानंतर ती दोन वर्षं माझ्याजवळ होती तेव्हा आम्ही दोघींनी हाताची एक बोली केली. मी म्हणजे डोळ्यांभोवती दोन गोल, चष्म्याचे. राजरत्न म्हणजे स्कूटरची किक. राग आला की ती दोन्ही मुठी गालांना लावते. एकदा गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली, तर ती हातांनी मला अर्धी दुपार सांगत होती, कोणतं पिल्लू दुसऱ्याच्या अंगावर झोपलं ते सुद्धा. तोंडानं ती चार शब्द बोलते, हातांनी बोलते ते संपत नाही. तिच्याशी बोलताना उजेडात बसा, तोंड तिच्याकडे ठेवा.

आणि जिथं न्याल तिथं आधी सगळं सांगून टाका, ताई. माझ्या भावानं, नंदकुमारनं, पुण्यात खोली घेताना आडनाव दुसरंच सांगितलं होतं. खोली मिळाली. पण गावाकडून कुणी भेटायला आलं की त्याचा जीव उडायचा, खालच्या आवाजात बोला म्हणायचा. वर्षभरात त्याला झोपेचा त्रास सुरू झाला. आपल्या पोरीचं तसं नको.

भावनाला आशीर्वाद.

तुमची,
नीला


इंदिरा नगर, लखनौ
१४ एप्रिल १९९६

प्रिय नीला,

मिळाला! प्रवेश मिळाला. जुलैपासून सुरुची रामटेके पहिलीत. आज तुमचा मोठा दिवस, त्याच दिवशी कळवते आहे.

कसं केलं ते ऐक. आमच्या शाळेच्या प्रिन्सिपॉल सिस्टर मुलाखतीत तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारतात. मी त्या खोलीत बाजूच्या खुर्चीवर इतकी वर्षं बसलेय की त्या कुठं खोकतील ते सुद्धा मला माहीत आहे. नाव, वडलांचं नाव, फळाचं चित्र, रंग, मग "हू मेड यू?" शेवटच्याला "गॉड" म्हणायला शिकवलं, राजरत्नला सांगू नकोस. दोन महिने रोज माझ्या जेवणाच्या टेबलाशी आमचा वर्ग. तिनं ओठ पाहायचे आणि उत्तर द्यायचं. हुशार आहे गं कार्टी.

अडचण हातांची होती. तोंड उघडण्याआधी तिचे हात उठतात. तुझी ती बोली तुमच्या अंगणात ठीक आहे, पण शाळेत हात हलले की पुढचं सगळं कळलंच. मला नागपूरच्या कॉन्व्हेंटात मदरनी उत्तर देताना हात पाठीमागे धरायला शिकवलं होतं, तसंच हिला शिकवलं. पहिल्या आठवड्यात सारखे सुटायचे, म्हणून मी वेणीच्या रिबिनीनं बांधले. सैल, खेळ म्हणून. आता आपोआप मागे जातात. सिस्टर म्हणाल्या, "हाउ बिऑटिफुली शी स्टँड्स, मिसेस गुप्ते." निदान त्या तरी मला गुप्ता म्हणत नाहीत. इथं सगळ्या लखनौनं मला परस्पर गुप्ता करून टाकलंय.

पेटीसाठी मी ट्यूनिकला आतून कप्पा शिवला आहे. बाहेरून टाका दिसणार नाही, माझं शिवण अजून शाबूत आहे. वायर कॉलरखालून, केस कानावरून, वर कापसाचा बोळा. कान वाहतो, हात लावू नका, असं शाळेला सांगितलंय. घरच्या फ्रॉकनाही तसेच कप्पे शिवले म्हणजे सवय राहील. डॉक्टरांनी पेटी घालायला सांगितलंय, दाखवायला नाही.

तू लिहिलं होतंस आधी सांगा. चार शाळांना आधीच सांगितलं होतं. सांगणं छान झालं, शाळा मिळाली नाही. राजरत्न जरा घुटमळला, पण मी ठरवल्यावर तो काय बोलणार?

पेढे वाट.

तुझी,
माणिक


इंदोरा, नागपूर
२९ एप्रिल १९९६

माणिकताईंना सप्रेम जय भीम.

पेढे वाटले. सगळ्या गल्लीला सांगितलं की नात लखनौच्या कॉन्व्हेंटात जाते. लोकांनी विचारलं, ऐकू येत नाही तरी घेतलं? मी हो म्हटलं.

रिबिनीचं वाचून मला कसंतरी झालं. पण तुम्ही खेळ म्हणून केलं असेल. तुम्ही जन्मभर मुलं शिकवलीत, मी टपालाची तिकिटं विकली. तुमचं तुम्हाला कळतं.

तुमची,
नीला


इंदिरा नगर, लखनौ
२४ नोव्हेंबर १९९६

प्रिय नीला,

माझं डोकं फुटायची वेळ आली आहे. पहिलीच्या वर्गाला एक मिस रिज़वी म्हणून आहे. नवी, पंचविशीची, ओढणी नीट पिन केलेली आणि केसांत खडूची भुकटी. तिनं सुरुचीच्या डायरीत लिहिलंय, मुलगी लक्ष देत नाही, हट्टी आहे, हाक मारली तरी वळत नाही. आणि तिला वर्गाबाहेर उभी करते! भावनाला दुसऱ्या एका आईकडून कळलं. एकदा नाही, बऱ्याचदा.

मी गेले तडक. पूर्वी ह्या शाळेत मी वर्गात शिरले की फळा सुद्धा ताठ व्हायचा, आणि ही मुलगी मला म्हणते, "मैम, बच्ची जवाब नहीं देती. मैं पास जाकर बोलूँ तो बोलती है, मुड़ते ही फिर वही. मुझे लगता है घर पर ज़्यादा लाड़ है."

"लाड़?" मी म्हटलं. "आपको पढ़ाना नहीं आता तो लाड़ का दोष?"

"उसके कान में क्या है मैम? एक दिन मैंने देखना चाहा तो हाथ रखकर भाग गई."

"कान बहता है. लिखकर दिया है. आप पढ़ती भी नहीं?"

ती लाल झाली. बाकीच्या मुली ऐकत होत्या. मी मुद्दामच आवाज उतरवला नाही. सिस्टरकडेही तक्रार दिली, की नव्या मुलींना वर्ग सांभाळता येत नाही.

सुरुचीलाही रागावले. ती हल्ली सारखी छाती खाजवते, कॉलर ओढते, वर्गात चुळबुळ करते म्हणे. मी समोर बसवून पाठ घेते तेव्हा सगळं येतं, मग वर्गात काय होतं? आता रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा धडा मी आधीच पाठ करून घेते. वाचनमाला तोंडपाठ आहे तिची. पास होईल, त्याची चिंता नाही.

थंडी पडली आहे. कोटाच्या आत पेटी अगदी दिसत नाही.

तुझी,
माणिक


इंदोरा, नागपूर
३० मे १९९७

माणिकताईंना सप्रेम जय भीम.

भावना आणि सुरुची सुटीला येऊन दहा-बारा दिवस झाले. लिहू की नको असं करत होते. लिहिते.

पोरगी आल्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हात मागे. मी डोळ्यांभोवती गोल करून दाखवले, आपली खूण. ती हसली. तिचे खांदे हलले पण हात पुढे आले नाहीत. मी तिचे हात धरून पुढे ओढले तर तिनं आधी दाराकडे पाहिलं, कुणी येतं का. मी नुसती आजी आहे ताई, शाळेची सिस्टर नाही.

मला वाटलं, विसरली असेल. विसरली नव्हती. चार दिवसांनी गच्चीवर, आम्ही दोघीच असताना, हात हळूहळू सुटले. तिनं शाळेचं सांगितलं. एक दार दाखवलं, दाराबाहेर ती. आत सगळ्या मुली तोंडं हलवतात. मग तिनं फ्रॉकच्या आत हात घालून पेटीवर थोपटलं आणि दोन्ही मुठी गालांना लावल्या. मला समजेना. तेव्हा तिनं कानातलं काढून माझ्या कानाशी धरलं आणि जागच्या जागी चालू लागली, वळू लागली, वाकू लागली, वर्गात मुलं करतात तसं.

ताई, मला काय ऐकू आलं सांगू? खरखर. सुपात कुणी धान्य घोळवावं तशी. श्वास घेतला तरी खरखर. त्या कप्प्यात पेटीला कापड घासतं आणि तेवढंच कानात वाजत राहतं. मी बोलून पाहिलं तर माझाच आवाज मला त्यातून ऐकू येईना. मग मी पेटी बाहेर काढून फ्रॉकवर लावली. पोरगी एकदम थांबली. खाली आमची शेजारीण यमुना बादली ठेवत होती, त्या बाजूला तिनं मान वळवली.

वर्षभर पोरगी कापड ऐकत होती. तुमच्यासमोर येत होतं ते ओठ बघून. मी तिला खुणेनं विचारलं, आईला का नाही सांगितलंस? तिनं जे दाखवलं त्याचा अर्थ मी असा लावते, की तिला वाटलं, शाळेत सगळ्यांनाच असं ऐकू येतं.

भावनाला मी सांगितलं. तिनं कात्री आणून दिली. कप्पे सगळे उसवून टाकले, तुमचा टाका फार बारीक आहे, वेळ लागला.

नीला


इंदिरा नगर, लखनौ
१२ जून १९९७

नीला,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी चार पानी उत्तर लिहिलं. त्यात यंत्र बनवणारे, कानाचे डॉक्टर, सिस्टर, मिस रिज़वी, सगळ्यांना झोडपलं होतं. दुसऱ्या दिवशी वाचलं. एकही चूक नव्हती त्यात, माझी सुद्धा नाही. फाडून टाकलं.

सुरुचीचं जुनं यंत्र माडीवर पडून होतं. राजरत्नकडून मागून घेतलं, नवे सेल घातले, ब्लाउजच्या आत ठेवलं आणि हज़रतगंजच्या बाजारात गेले. तू खरखर लिहिलंस. मला वाटलं कुणी माझं डोकं गोणपाटात घालून फरफटत नेतंय. दुकानदार काहीतरी विचारत होता. मी मान हलवली. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा मान हलवली, तर त्यानं मला नको असलेलं सहा वार अस्तर फाडून दिलं. मी मुकाट्यानं घेतलं. मी, नीला! रस्त्यात मागून सायकल-रिक्षावाला ओरडला असेल, त्यानं मला जवळजवळ आडवीच केली. "माताजी, बहरी हो क्या?" हे मात्र त्याच्या तोंडावरून समजलं. तासाभरात घरी येऊन ते काढून फेकलं. मी काढू शकत होते.

त्या मुलीला बाहेर उभं केलं तेव्हा मी शाळेत जाऊन तमाशा केला आणि घरी येऊन तिलाच चुळबुळीबद्दल रागावले. एवढं वर्षभर मी कोणाशी भांडत होते?

मी शाळेत सगळं सांगायचं ठरवलं होतं. राजरत्न काल जिन्यात बसला आणि म्हणाला, "काकू, राहू द्या ना. तिला शाळेतून काढलं तर? चार ठिकाणी नाही म्हणालेत. पास झाली ती, दुसरीत गेली. आपण दुसरा काही मार्ग काढू."

"पेटी वर लावली की दिसणारच, राजू."

"मग वर नका लावू. पातळ कापड लावा. काकू, तुम्हीच म्हणाला होतात, सांगणं झालं की शाळा नाही."

माझंच वाक्य त्यानं मला परत दिलं. तो घाबरलेला आहे. मी त्याला घाबरायला शिकवलं. ह्या घराचं भाडं तो मला देतो म्हणून त्याला माझ्यापुढे कधी नाही म्हणता आलं नाही, हे सुद्धा आत्ता सुचतंय. तेव्हा ह्या वेळी मी ठरवणार नाही. मुलगी तुमची आहे. खरं सांगितलं तर जागा जाऊ शकते. नाही सांगितलं तर ती पुन्हा कापड ऐकेल. तुम्ही सगळे मिळून सांगा, मी ते करीन.

रिबिनीचं तू तेव्हाच लिहिलं होतंस. मी तुला त्याचं उत्तर सुद्धा दिलं नव्हतं.

माणिक


इंदोरा, नागपूर
२० जून १९९७

माणिकताईंना सप्रेम जय भीम.

सांगा.

राजरत्नला मी आणि भावनानं वेगळं लिहिलंय. तो हो म्हणेल. जागा गेली तर गेली. मी इथं महापालिकेच्या शाळेत पोरीजवळ बाकावर जाऊन बसेन, मला काय काम आहे आता?

सगळं तुमच्यावर घेऊ नका. आडनाव लपवल्यानं माझ्या भावाचं काय झालं ते मला माहीत होतं. तुम्हाला पत्रात लिहिलं आणि मग प्रवेश मिळाल्यावर गप्प बसून पेढे वाटले. मला कॉन्व्हेंटचा मोह झाला. माझ्या नातीनं इंग्रजी बोलावं, गल्लीनं बघावं, असं वाटलं. ते वाटणं माझं होतं.

भावना रविवारच्या गाडीनं निघते आहे. पेटी वर लावूनच पोरगी येईल. पेटीला हात लावू देऊ नका कोणाला.

नीला


इंदिरा नगर, लखनौ
१४ सप्टेंबर १९९७

प्रिय नीला,

निकाल तुला भावनाकडून कळलाच आहे. तरी मला माझ्या हातानं लिहायला हवं. दोन महिने जमलं नाही.

शाळा उघडली त्या दिवशी राजरत्न, भावना, सुरुची आणि मी असे चौघं गेलो. पेटी ट्यूनिकवर. सिस्टरनी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि मिस रिज़वीला बोलावून घेतलं. मी इंग्रजीत सांगायची तयारी केली होती, फार नीटनेटकी. मिस रिज़वी आली आणि मला हिंदीत सांगावं लागलं. "बच्ची को सुनाई नहीं देता. मैंने छुपाया. कान नहीं बहता. मशीन अंदर थी, उससे कुछ सुन नहीं पाती थी." एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण.

मिस रिज़वी मुलीकडे पाहत राहिली. मला वाटलं सिस्टरना काही म्हणेल. ती माझ्याकडे वळली. "मैम, पूरी क्लास में मैंने इसी एक को बाहर खड़ा किया. सर्दी में भी. आप जानती थीं."

"मैं जानती थी कि सुनती कम है."

"और आपने मुझसे यह करवाया. मुझे आपने सबके सामने कहा कि पढ़ाना नहीं आता. मैं घर जाकर सोचती थी, शायद सच में नहीं आता." आवाज चढवला नाही तिनं. "आप मुझे बता देतीं. मैं किसी से न कहती."

ह्या गोष्टीचा मी कधी विचारच केला नव्हता, नीला. सिस्टरना सांगावं की नाही, शाळेला सांगावं की नाही, एवढंच माझ्या डोक्यात. त्या पोरीला, जिच्यासमोर आपलं लेकरू रोज सहा तास बसतं, तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी तिला शत्रू धरून बसले.

सिस्टर इंग्रजीत म्हणाल्या, "मिसेस गुप्ते, मागच्या वर्षी तुम्ही खरं सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही खोटं बोललात त्यापेक्षा मला ह्याचा जास्त राग येतो, की माझ्याबद्दल तुमचा अंदाज बरोबर होता." पूर्वीची मी असते तर ह्या वाक्याचा झेंडा करून मिरवला असता. आणि नीला, तेच मला खातंय. खोटं बोलले नसते तर ती त्या शाळेत गेलीच नसती. बोलले म्हणून तिचं वर्ष वाया गेलं. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांतली एक निवडून त्यावर ठाम उभं राहता येत नाही.

मुलीला ठेवायचं असेल तर एक अट, असं मिस रिज़वीच म्हणाली. "दूसरी में मत भेजिए. रटा हुआ है सब, पढ़ना नहीं आता. मेरे पास दोबारा भेजिए." भावना रडली. राजरत्न म्हणाला, "जी, ठीक है." सिस्टरनी मान हलवली. सुरुची ह्या सगळ्या वेळात खुर्चीच्या कडेला बसून खोलीतला पंखा ऐकत होती. वर बघत होती, म्हणून कळलं.

म्हणजे जागा राहिली. वर्ष गेलं.

ऑगस्टमध्ये त्यांना मानक नगरला क्वार्टर मिळालं. मिळालं की राजरत्ननं मागे लागून मिळवलं, ते मी विचारलं नाही. जाताना तो पाया पडला, सगळं रीतीनं केलं. भावना किल्ली द्यायला आली तेव्हा म्हणाली, "काकू, तुम्ही नसतात तर शाळा नसती." मग थोडं थांबून, "पण मी तुमच्याकडे तिला एकटी नाही ठेवू शकणार आता." बरोबर आहे. मी तिला चहा विचारला, ती नको म्हणाली.

माडी रिकामी आहे. भाडेकरू ठेवणार नाही.

परवा शुक्रवारी मी शाळा सुटायच्या वेळी गेले. बोलावलं नव्हतं. हज़रतगंजमध्ये काम होतं असं स्वतःला सांगितलं, काम काही नव्हतं. फाटकासमोरच्या पेरूवाल्याजवळ उभी राहिले. सुरुची बाहेर आली, पेटी समोर, केस मागे बांधलेले, कान उघडा. बरोबर वर्गातली एक लठ्ठशी मुलगी, दप्तर पोटावर घेतलेली. दोघींचे हात नुसते उडत होते. त्या मुलीला तुमची बोली कशी यायला लागली कोण जाणे, मुलं शिकतात. भावना सांगत होती, मिस रिज़वी पण सुरुचीकडून एकेक खूण उचलते आणि फळ्याकडे तोंड करून बोलायचं तिनं सोडलंय. वाचनमालेचं पाचवं पान सुरुचीनं परवा स्वतः वाचलं, पाठ न करता. अडखळत. पहिल्याच पानांना महिना लागला होता.

तिनं मला पाहिलं. थांबली. तोंडानं "गुड आफ्टरनून" म्हणाली, अगदी स्पष्ट, मी शिकवलं तसं. मग मैत्रिणीकडे वळून हातांनी काहीतरी सांगितलं, बरंच लांब, मधेच माझ्याकडे बोट. ती मुलगी माझ्याकडे पाहू लागली, हसली नाही.

मी तिला विचारलं, "क्या कह रही है बेटा?"

त्या मुलीनं सुरुचीकडे पाहिलं. सुरुचीनं मान हलवली.

"आंटी, आपको बताने को मना किया है."

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. राजरत्नची स्कूटर आली, ती मागे बसून गेली. मी पेरू घेतले, कारण पेरूवाला केव्हाचा बघत होता.

दिवाळीत ती तुझ्याकडे येईल. तुला ती सगळं सांगते, हेही सांगेल कदाचित. मला कळवू नकोस.

तुझी,
माणिक